ओढणे आणि वाहणे

२०२२ च्या आषाढात धाकट्या भावाचा बोदवडहून फोन आला. घरामागची पत्र्याची शेड उतरवून तिथे पक्के बांधकाम करायचे होते आणि शेडमध्ये वडिलांची फियाट उभी होती. "दादा, दिवाळीपर्यंत काय ते ठरव. एक भंगारवाला दोनदा विचारून गेला आहे," एवढेच तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. चोवीस वर्षे त्या गाडीला वळसा घालून तोच ये-जा करीत होता. मी नाशिकला बसून तिच्याविषयी हळवा होत होतो. गाडी मी इकडे घेऊन येतो, असे सांगून मी मोकळा झालो. कशी आणायची, हा विचार त्या क्षणी मनात आलाच नाही. बोदवड ते नाशिक हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर आहे आणि ती गाडी स्वतःच्या बळावर तीन फूटही हलणार नव्हती.

गाडी म्हणजे फियाट ११००, 'डिलाईट' नावाने ओळखली जाणारी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यातून १९६४ पासून हे रूप बाहेर पडू लागले. त्याआधीच्या गोलमटोल फियाटला लोकांनी 'डुक्कर फियाट' असे प्रेमळ नाव दिले होते. डिलाईटचेच पुढे १९७० च्या दशकात 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाले. १०८९ सीसीचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरचा गिअर, वजन नऊशे किलोच्या आसपास. वडील डॉक्टर होते. नंबर लावून कित्येक महिने वाट पाहिल्यावर १९६९ मध्ये त्यांना ती मिळाली. नाडगाव, शिरसाळे, एदलाबाद (आताचे मुक्ताईनगर), जामनेरच्या बाजूची खेडी, अशा त्यांच्या फेऱ्या असत. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली की कुणाच्या तरी बैलजोडीने ती बाहेर काढायची, हा नेम. रात्री-अपरात्री बैलांच्या मागून घरी आलेली गाडी मी लहानपणी अनेकदा पाहिली आहे. ते दृश्य पुढे एका वादात मला पुरावा म्हणून वापरावेसे वाटले, त्याविषयी नंतर.

१९९८ मध्ये वडील गेले आणि गाडी शेडमध्ये गेली. आईने ती विकू दिली नाही आणि चालवूही दिली नाही.

पहिला सल्ला सर्वांनी एकच दिला: टोचन लावा. हा शब्द आपल्या कोशांत सहसा सापडत नाही, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही रस्त्यावर सापडतो. 'टो-चेन'चे ते रूप असावे. मराठीत येताना त्याला टोचण्याचा अर्थही चिकटला आणि कुणाचे काही बिघडले नाही. ट्रॅक्टरला जाड दोर किंवा साखळी बांधायची, दुसरे टोक गाडीला, एकाने सुकाणू धरून बसायचे आणि निघायचे. भावाचा एक मित्र ट्रॅक्टर द्यायला तयार होता. मी आईला हे सांगितले तेव्हा ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिले दोर बांधून नेऊ नका रे. मेलेलं ढोर नेतात गावाबाहेर, तसं दिसते ते."

मी तेव्हा तो पुरावा काढला. म्हटले, आई, बाबा असताना कितीदा बैलांनी ओढत आणली आहे ही गाडी. तूच कंदील घेऊन दारात उभी राहायचीस. आई म्हणाली, "तवा ती घरी येत होती."

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. तरीही, एका म्हाताऱ्या बाईच्या भावनेसाठी वाहतुकीची साधी सोय सोडून द्यावी काय, हा विचार मनात राहिलाच. तो मिटवला मिस्त्रींनी. बोदवडमध्ये वडिलांच्या गाडीला हात लावलेले हे शेवटचे मिस्त्री. आता त्यांचे गॅरेज मुलगा चालवतो आणि ते बाहेर खाटेवर बसलेले असतात. ते घरी आले, जमिनीवर पोते टाकून गाडीखाली गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "सर, हिले ओढू नका. उचलून न्या." कारणे त्यांनी बोटांवर मोजली. टायर वरून गोल दिसतात, पण बाजूंना चिरले आहेत. दहा किलोमीटरमध्ये फुटतील. ब्रेकचे तेल केव्हाच आटले आहे, तेव्हा पुढचा ट्रॅक्टर थांबला की मागची गाडी थांबेल कशी? दोर ओढू शकतो, अडवू शकत नाही. आणि क्रेनने पुढची चाके उचलून मागच्या दोन चाकांवर न्यायची म्हणाल तर तेही नको, कारण या गाडीला जोर मागच्या चाकांकडून मिळतो. ती चाके फिरली की प्रोपेलर शाफ्ट फिरतो, त्याच्याबरोबर गिअरपेटीचा मागचा भाग फिरतो. इंजिन मात्र बंद, म्हणून पेटीतले तेल वर उडत नाही. तीनशे किलोमीटर कोरडी फिरली तर आतले सगळे घासून जाईल. शाफ्ट सोडवून ठेवला तर हे टळते, पण टायरांचे काय?

आईचे म्हणणे आणि मिस्त्रींचे म्हणणे एकाच जागी येऊन थांबले, याचे मला नवल वाटले. दोघांनी एकमेकांशी याबाबत चकार शब्द काढलेला नव्हता.

आमचा एक चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो आणि त्याला जुन्या गाड्यांचा नाद आहे. त्याला फोन केला तर त्याला प्रश्नच कळेना. तिकडे माणसे स्वतःच्या पिकअपला ट्रेलर जोडतात, ट्रेलर भाड्याने मिळतो, गाडी त्यावर चढवतात आणि निघतात. त्याने मला तासभर शिकवणी दिली. ओढणाऱ्या वाहनाची क्षमता पाहताना नुसत्या गाडीचे वजन धरायचे नाही. ट्रेलरचे वजनही त्यात मिळवायचे. म्हणजे आमच्या नऊशे किलोंना ट्रेलरचे पाचसहाशे जोडले की दीड टन झाले. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, नाहीतर उतारावर तो ओढणाऱ्यालाच ढकलू लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकूण भाराचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडाच्या आकड्यावर पडला पाहिजे. कमी पडला तर वेगात ट्रेलर सापासारखा वळवळू लागतो. जास्त पडला तर पुढच्या वाहनाचा मागचा भाग बसतो, त्याची पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकत नाही. म्हणून इंजिनाची बाजू पुढे ठेवून गाडी आसापासून किती पुढे-मागे उभी करायची, हे मोजून ठरवायचे.

हे मी भावाला मोठ्या उत्साहाने सांगितले, तर तो हसला. "म्हणजे उलाळ होऊ द्यायची नाही आणि धुरजडही होऊ द्यायची नाही. एवढंच ना?" बैलगाडी मागे जास्त भरली की पुढची बाजू उचलते आणि जोते बैलांच्या गळ्याला लागते, ती उलाळ झाली. पुढे जास्त भरली की सगळा भार मानेवर येतो; ती धुरजड. मी मराठी शिकवतो. हे दोन शब्द मला माहीत होते, पण कोशातले शब्द म्हणून. ज्याला ते रोजच्या कामाचे शब्द म्हणून माहीत होते तो वाणिज्य शाखेचा पदवीधर निघाला. असो.

न्यू जर्सीची पद्धत इथे चालणारी नव्हती. आपल्याकडे ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्रपणे नोंदवायचे वाहन आहे. खासगी मोटारीमागे मोटार वाहणारा ट्रेलर भाड्याने देणारा कुणी मला जळगाव जिल्ह्यात भेटला नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा एक वेल्डर म्हणाला, "सर, माप द्या, पंधरा दिवसांत बनवून देतो." क्षणभर मोह झाला, हे कबूल करतो. एका प्रवासासाठी एक वाहन घडवायचे आणि मग ते वाहन ठेवण्यासाठी नवी शेड बांधायची, असा तो हिशेब होता.

मग साधी ट्रॉली. आमच्याकडे कापसाच्या हंगामात ट्रॉलीवर काय चढत नाही? पण बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगांचीही बोंब असते, आणि दहा-अकरा फुटांच्या हौद्यात जवळजवळ तेरा फुटांची गाडी मावत नाही. ४०७ टेम्पोचेही तेच, आखूड हौद्याचा तर नक्कीच. चौदा-सतरा फुटी आयशर ट्रक मिळत होता. रावेर-सावद्याकडे केळी भरणारे ट्रक आम्हाला परके नाहीत. त्यात गाडी मावली असती. ट्रकचा हौदा जमिनीपासून कंबरेच्या वर असतो, हीच काय ती अडचण. त्यावर गावात जुना उपाय आहे: ट्रक उलटा नेऊन शेताच्या बांधाला किंवा उंच ओट्याला टेकवायचा, म्हणजे हौदा आणि जमीन एका पातळीवर येतात, म्हशी अशाच चढवतात. बोदवडला बांध मिळाला असता. नाशिकला उतरवायला बांध कुठून आणायचा?

या सगळ्या चौकशीत कायदाही वाचून झाला. रस्त्यावरील वर्तनाचे १९८९ चे विनियम (त्यांची जागा २०१७ मध्ये नव्या विनियमांनी घेतली) या बाबतीत वाचण्यासारखे होते. ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनात पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नको, आणि मागच्या गाडीच्या सुकाणूवर परवानाधारक चालक बसलेला हवा. बंद पडलेली गाडी ओढायची ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोलपंपापर्यंत, तीनशे किलोमीटर नव्हे. मी थबकलो तो चालकाच्या अटीपाशी. दोराने ओढली जाणारी गाडी कायद्याच्या दृष्टीने अजून गाडी असते. तिला चालक लागतो. ट्रकच्या पाठीवर चढवलेली गाडी मात्र माल होते, गव्हाच्या पोत्यासारखी. म्हणजे आईला ज्यात अवमान दिसत होता त्यात कायदा तिचे वाहनपण मान्य करीत होता, आणि आम्ही ज्याला मान समजत होतो त्यात ते काढून घेत होता. आईला हे सांगण्याचे धाडस मी केले नाही.

धाडस केले ते आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात. आईचे ते मेलेल्या ढोराचे वाक्य मी तिथे जरा कौतुकाने सांगितले. बोलीभाषेची प्रतिमाशक्ती वगैरे. ऐकणाऱ्यांत दलित आत्मकथनांवर काम करणारे एक सहकारी होते. ते शांतपणे म्हणाले, "सर, त्या चित्रात ढोर दिसतं आणि बघणारे दिसतात. दोर कुणाच्या हातात असायचा, ते तुमच्या आईंना दिसलं होतं का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. गावातली मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम कुणावर लादलेले होते, ते कसे नाकारले गेले, १९२७ च्या महाडनंतर गावोगाव त्या नकाराची काय किंमत मोजावी लागली, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. तरीही आईचे वाक्य मी केवळ प्रतिमा म्हणून ऐकले होते. पुढच्या खेपेला बोदवडला गेलो तेव्हा तिला विचारले. तिने ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याचे नाव घेतले. त्याच्या पायांत काही नसायचे, असे ती म्हणाली, आणि मग पुष्कळ वेळ काही बोलली नाही.

शेवटी उरली ती सपाट पाठीची रिकव्हरी व्हॅन, जिचा फलाट मागे सरकतो, जमिनीला टेकतो आणि वर लावलेल्या चरकाने गाडी तारेवर चढवून घेतो. तीतही निवड होतीच. पहिली जी व्हॅन ठरवली (कुठल्या गावची ते सोडा) तिचा माणूस गाडी पाहायला आला आणि आल्याआल्या त्याने साखळीचा आकडा पुढच्या बंपरला अडकवला. या गाडीला वेगळी चौकट नाही; पत्र्याचे सगळे अंगच चौकटीचे काम करते, आणि ते अंग खालून गंजले होते. बंपर ब्रॅकेटसह वाकला. मिस्त्रींनी त्या माणसाला जे सुनावले ते इथे देता येणार नाही. दुसरी व्हॅन जळगावची. तिच्या चालकाला मी फोनवर तीनच प्रश्न विचारले: फलाटाची लांबी किती, तो जमिनीला टेकतो तेव्हा चढ किती उभा होतो, आणि गाडी कशाने बांधता. तिसऱ्या प्रश्नाला तो म्हणाला, "चाकांवरून पट्टे टाकतो, सर. बॉडीला हात लावत नाही." भाडे पहिल्यापेक्षा बरेच जास्त होते, शिवाय परतीचे रिकामे भाडे वेगळे. मी होकार दिला.

दिवाळीनंतर दहा दिवस थांबलो. अंगणातली काळी माती वाळल्याशिवाय एवढे जड वाहन आत आणणे म्हणजे दोन वाहने रुतवून घेणे. आदल्या दिवशी मिस्त्रींनी चारही ड्रम उघडून चिकटलेले ब्रेक-शू मोकळे केले, टायरांत हवा भरली. तीन टायरांत ती राहिली, चौथ्यात भावाच्या जुन्या गाडीची ट्यूब घातली. सकाळी व्हॅन आली. फलाट टेकला, चालकाने तार सोडली आणि ती पुढच्या बाजूला, मिस्त्रींनी दाखवलेल्या जागी अडकवली. आई ओट्यावर उभी होती. तार पाहून भाऊ अस्वस्थ झाला. त्याने गल्लीतल्या सहा-सात जणांना हाक मारली आणि म्हणाला, आपण ढकलू. चालकाने मागे घसरू नये म्हणून तार राहू द्या असे सांगितले, तेव्हा तार राहिली. हातांचा जोर किती लागला आणि तारेचा किती, हे मला सांगता येणार नाही. गाडी वर गेली तेव्हा सगळे घामाघूम झाले होते. आईने खाली येऊन बॉनेटला हळदकुंकू लावले, ते तिचा हात पोहोचेना म्हणून खालच्या जाळीवर लागले.

चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे, चाकांवरून पट्टे, गाडी पहिल्या गिअरमध्ये. चालक म्हणाला की पट्टे पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये ढिले पडतातच, कारण टायर बसतात. भुसावळच्या अलीकडे थांबून पाहिले तर खरोखरच दोन बोटे ढील होती. पुन्हा आवळले. त्यानंतर जळगाव, धुळे, मालेगाव, दर थांब्यावर आम्ही दोघे उतरायचो आणि पट्टे चाचपायचो. त्याला सवयीने, मला भीतीने. चांदवडच्या अलीकडे राहुडचा घाट लागला तेव्हा अंधार पडला होता. चढावर सगळा भार मागे येतो. मी केबिनच्या मागच्या काचेतून सारखा पाहत होतो. मागच्या वाहनांच्या उजेडात फियाटचे दोन गोल दिवे उजळत आणि विझत होते.

वाटेत जळगावला असोद्याची आठवण झाली, ही मास्तरकीची खोड. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि एका आप्ताने लिहून घेतली, आणि १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ती छापून आली. मुलांना मी सांगतो की हे वाचणे नव्हे, ऐकणे आहे. त्या दिवशी केबिनमध्ये बसून मला वाटत होते की लिहून घेणाऱ्यांनीही पट्टे कुठून टाकायचे याचा असाच विचार केला असेल: काय आवळायचे, कुठे हात लावायचा नाही.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे 'विंटेज' म्हणून नोंदवता येते; क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. आमची त्या मापात बसते. अट अशी की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. आईला हे फोनवर सांगितले, तर म्हणाली, "मग नेली कायले?"

नाशिकला रात्री साडेदहाला पोहोचलो. फलाट टेकला, पट्टे सुटले, आणि गाडी स्वतःच्या भाराने, तार धरून, हळूहळू खाली आली. मी भावाला फोन केला. पोचली का, एवढे विचारून तो म्हणाला की शेड अजून उभीच आहे, बांधकामाला मुहूर्त नाही. आईने संध्याकाळीच गडी लावून मागल्या हंगामाची पऱ्हाटी तिथे रचून घेतली, रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणाली.